निर्मळ काचेचा साधक

इ. स. १८०१ सालच्या जुलै महिन्यातील २१ तारखेची गोष्ट. दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया राज्याची राजधानी म्यूनिक येथे एका अरुंद गल्लीतील जुने घर एकाएकी कोसळले. त्या घरात आरसे करणारा एक कारागीर राहत असे. घर पडले तेव्हा कारागिराची पत्नी आणि त्याच्याजवळ काम शिकणारा चौदा वर्षांचा एक मुलगा असे दोघे आत सापडले. लोकांनी ताबडतोब ढिगारा उपसण्यास आरंभ केला. ही वार्ता कानी पडताच बव्हेरियाचे अधिपती मॅक्सिमिलियन जोसेफ हे स्वतः तेथे येऊन उभे राहिले. त्या बाईचा अंत झाला होता. परंतु सुमारे चार तासांनी, तुळयांच्या आडोशाने वाचलेला तो मुलगा जिवंत बाहेर निघाला. आईबापांवाचून पोरका, अंगाने किरकोळ आणि शिक्षणाला पारखा झालेला असा तो मुलगा होता. त्याचे नाव जोसेफ फ्राउनहोफर. याच मुलाने पुढे जगातील सर्वांत निर्मळ काच तयार केली, आणि ती काच पारखता पारखता सूर्यप्रकाशात दडलेली एक लिपी जगापुढे उघडी केली.

जोसेफचा जन्म ६ मार्च १७८७ रोजी डॅन्यूब नदीच्या काठी वसलेल्या श्ट्राउबिंग या गावी झाला. त्याचे वडील काचकाम करीत. काच कापावी, खिडक्यांना तावदाने बसवावी, असा त्यांचा व्यवसाय होता. आईच्या माहेरीही काचकामाची परंपरा होती. जोसेफ हे त्यांचे अकरावे अपत्य. घरची मिळकत बेताची असल्यामुळे शाळेपेक्षा वडिलांच्या हाताखालीच त्याचा अधिक वेळ जाई. तो दहा वर्षांचा असताना आई वारली आणि दुसऱ्याच वर्षी वडीलही गेले. पालकांनी प्रथम त्याला लाकडाचे कातारीकाम शिकण्यास पाठविले. पण त्याच्या अशक्त शरीराला ते काम झेपेना. तेव्हा १७९९ साली त्याला म्यूनिकच्या आरसे करणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. काम शिकविण्याबद्दल धन्याला रक्कम देण्याची ऐपत नव्हती. म्हणून त्याने सहा वर्षे बिनपगारी राबावे, असे ठरले.

दिवसभर काच कापणे, घासणे, तिला झिलई देणे आणि शिवाय घरकाम करणे, असा त्याचा क्रम सुरू झाला. उमेदवार मुलांसाठी म्यूनिकमध्ये रविवारची शाळा भरत असे. पण धनी त्याला तेथे जाऊ देत नसे, वाचनालाही मनाई करी. हात काम शिकत होते, परंतु मनाची भूक तशीच राहत होती. काच घासली की ती चकचकीत होते एवढे त्याला कळले. मात्र काचेतून जाताना प्रकाश का वाकतो, हे सांगणारे त्याच्याजवळ कोणी नव्हते.

घर कोसळण्याच्या त्या भयंकर प्रसंगाने त्याच्या आयुष्याची दिशा पालटली. मॅक्सिमिलियन जोसेफ यांनी मुलाला राजवाड्यावर बोलावून त्याची विचारपूस केली आणि डुकाट नावाची सोन्याची १८ नाणी त्याला बक्षीस दिली. बव्हेरियाच्या दरबारातील एक मुत्सद्दी जोसेफ उट्झश्नायडर यांचेही लक्ष त्याच्याकडे गेले. त्यांनी त्याला गणिताची आणि प्रकाशशास्त्राची पुस्तके मिळवून दिली. पोरक्या मुलाच्या हाती एवढे धन प्रथमच येत होते. ते त्याने चैनीत उडविले नाही. त्यातून त्याने काच घासण्याचे एक यंत्र विकत घेतले आणि उरलेल्या पैशातून उमेदवारीच्या शेवटच्या सहा महिन्यांची मुदत सोडवून घेतली.

स्वतंत्र होताच त्याने भेटपत्रे कोरून देण्याचा धंदा सुरू केला. परंतु तो काळ युद्धांचा होता. धंदा चालला नाही आणि निरुपायाने त्याला जुन्याच धन्याकडे कामाला परतावे लागले. पुस्तके मात्र त्याने सोडली नाहीत. फुरसत मिळेल तेव्हा तो गणित सोडवी आणि भिंगांचे नियम समजून घेई. अखेर १८०६ साली उट्झश्नायडर यांना त्याची आठवण झाली. रायखेनबाख आणि लीबहेर या दोन यंत्रकारांच्या साहाय्याने त्यांनी म्यूनिकमध्ये जमीनमोजणीची उपकरणे व दुर्बिणी बनविणारी एक संस्था चालविली होती. तीत एकोणीस वर्षांच्या फ्राउनहोफरला जागा मिळाली.

या संस्थेपुढे एक मोठीच अडचण होती. यंत्रांचे पितळी भाग रायखेनबाख उत्कृष्ट बनवीत. पण भिंगांसाठी लागणारी चांगली काच मिळत नव्हती. उत्तम काच इंग्लंडातून येई आणि तीही फार थोडी. त्यातच १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडशी व्यापार करण्यास युरोपातील देशांना बंदी केली. आता काच स्वतःच तयार करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पण भिंगाची काच ही खिडकीच्या काचेसारखी नसते. स्वस्त तावदानातून बाहेर पाहिले असता झाडे व माणसे वेडीवाकडी दिसतात. खिडकीला तेवढे चालते. दुर्बिणीला मात्र केसाएवढाही दोष चालत नाही. साखरेचा दाट पाक पाण्यात ओतला, तर पाण्यात नागमोडी शिरा दिसू लागतात. कारण पाक आणि पाणी एकजीव झालेले नसतात. वितळलेल्या काचेचेही तसेच होते. तिच्यातील द्रव्ये नीट मिसळली नाहीत, तर थंड झाल्यावर काचेत शिरा राहतात आणि त्यांतून जाणारा प्रकाश भलतीकडेच वाकतो. शिवाय काचेत हवेचे बुडबुडे अडकतात, आणि काच घाईने थंड केली तर तिच्या अंगात ताण राहून ती तडकते.

दुसरीही एक अडचण होती. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग एकत्र असतात आणि भिंगातून जाताना प्रत्येक रंग थोडा निराळा वाकतो. त्यामुळे साध्या भिंगातून पाहिलेल्या ताऱ्याभोवती रंगांची झालर दिसते. हा दोष घालविण्यासाठी दोन प्रकारच्या काचांची दोन भिंगे एकमेकांजवळ बसवितात. वाळू, क्षार आणि चुना यांपासून होणारी एक काच. तिला क्राउन म्हणतात. जिच्यात शिशाचे भस्म घातलेले असते ती दुसरी काच. तिला फ्लिंट म्हणतात. आपल्या शेंदुरातही हेच शिसे असते. एका भिंगाने उत्पन्न केलेले रंग दुसरे भिंग पुन्हा एकत्र आणते. परंतु शिसे वजनाने जड असल्यामुळे वितळलेल्या फ्लिंटमध्ये ते तळाशी बसते. भांड्यातील काच वर एका प्रकारची, खाली दुसऱ्या प्रकारची होते आणि सगळ्या अंगाने शिरा पडतात. म्हणूनच फ्लिंटचा तळहाताएवढा निर्दोष तुकडा मिळणे ही त्या काळी भाग्याची गोष्ट समजली जाई.

हा दोष घालविण्याची युक्ती स्वित्झर्लंडमधील एका साध्या कारागिराने शोधून काढली होती. त्याचे नाव पिएर लुई गिनाँ. तो मुळात सुतारकाम करी. पुढे तो घड्याळांच्या पेट्या आणि घंटा बनवू लागला. दुर्बीण बनविण्याच्या हौसेपायी त्याने कित्येक वर्षे स्वतःच्या भट्टीत काच वितळविली आणि तितक्याच वेळा अपयश पदरी घेतले. शेवटी त्याने भाजलेल्या मातीचा दांडा वितळलेल्या काचेत घालून ती ढवळण्यास सुरुवात केली. लाकडाचा दांडा जळून जाई, लोखंडाच्या दांड्याने काचेला रंग चढे. मातीचा दांडा मात्र टिकला. ढवळण्याने जड शिसे खाली बसेना आणि काच एकजीव होऊ लागली. उट्झश्नायडर यांनी गिनाँला बव्हेरियात आणले. आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी बेनेडिक्टबॉयर्न येथे एक जुना मठ होता. तो विकत घेऊन त्यांनी तेथे काचेच्या भट्ट्या उभारल्या.

१८०७ साली फ्राउनहोफरही बेनेडिक्टबॉयर्नला आला. प्रथम त्याच्याकडे भिंगे घासण्याचे काम होते. पण भिंग कितीही काळजीपूर्वक घासले, तरी काचच सदोष असेल तर सारे श्रम वाया जातात, हे त्याला लवकरच कळून आले. १८०९ साली त्याला संस्थेत भागीदारी मिळाली आणि गिनाँने आपली विद्या त्याला शिकवावी असे ठरले. साठीला पोचलेला गिनाँ आणि बाविशीतला फ्राउनहोफर यांचे फारसे पटले नाही. एकाने सारे ज्ञान हाताच्या अनुभवाने मिळविलेले, तर दुसरा प्रत्येक गोष्टीचे माप मागणारा. १८११ साली भट्ट्यांची व्यवस्था फ्राउनहोफरकडे सोपविण्यात आली. १८१४ साली गिनाँ मायदेशी परतला आणि तेथे पुन्हा काच करू लागला. फ्राउनहोफरच्या काचेच्या मुळाशी या वृद्ध कारागिराची ढवळणी होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

भट्टीचे काम अत्यंत चिकाटीचे होते. प्रथम वाळू आणि क्षार स्वच्छ करावे लागत. कारण लोखंडाचा अंश राहिला तर काच हिरवट होते. मातीची मूस हळूहळू तापवून लाल करीत. मग द्रव्यांचे मिश्रण तीत थोडेथोडे घालीत. मिश्रण वितळून त्यातील बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत आंच कायम ठेवावी लागे. त्यानंतर ढवळणे सुरू होई. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून, रसाच्या उष्णतेत, माणसे तासन्‌तास तो दांडा फिरवीत. ढवळताना आंच कमी करीत जावे लागे, म्हणजे रस घट्ट होतो आणि मिसळलेली द्रव्ये पुन्हा वेगळी होत नाहीत. मग भट्टीची तोंडे बंद करून काच अनेक दिवस सावकाश निवू देत. शेवटी मूस फोडून आतील गोळ्याचे तुकडे करीत. बुडबुडे आणि शिरा असलेले तुकडे बाजूला काढीत. निर्दोष तुकडे पुन्हा तापवून मऊ करून त्यांना चकतीचा आकार देत आणि पुन्हा एकदा हळूहळू थंड करीत. इतका खटाटोप करूनही मोठ्या दुर्बिणीजोगी काच क्वचितच हाती येई.

फ्राउनहोफरने या कामात एक नवी शिस्त आणली. त्याने प्रत्येक वितळणीला क्रमांक दिला आणि कोणत्या क्रमांकाची काच प्रकाशाला किती वाकविते, याची नोंद ठेवली. तेव्हा एक नवलाची गोष्ट त्याच्या ध्यानी आली. द्रव्ये तीच आणि त्यांचे प्रमाण तेच असूनही दोन वितळणींतील काच सारखी निघत नसे. एवढेच काय, एकाच मुशीतील वरचा तुकडा व तळाचा तुकडा यांतही फरक पडे. डोळ्यांना न दिसणारा हा दोष मापाने उघडकीस आला. दोष दिसू लागल्यावर तो दूर करण्याचा मार्गही सापडला. भट्टीची आंच, ढवळण्याचा काळ, मिश्रणाचे प्रमाण यांत सुधारणा करता करता मुशीच्या तळची व वरची काच एकसारखी निघू लागली. अंदाजाने चालणारा धंदा आता मोजमापाने चालणारे शास्त्र झाला.

परंतु मोजमाप करावयाचे म्हणजे काही निश्चित खूण हवी. काचेच्या लोलकातून प्रकाश गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा दिसतो. त्याला वर्णपट म्हणतात. काच तांबड्या रंगाला किती आणि निळ्याला किती वाकविते, हे फ्राउनहोफरला मोजावयाचे होते. पण वर्णपटात एक रंग दुसऱ्यात इतका बेमालूम मिसळतो, की पिवळा कोठे संपला आणि हिरवा कोठे सुरू झाला, हे सांगता येत नाही. खूण नाही तर माप कशाचे घेणार? दिव्याच्या ज्योतीचा प्रकाश लोलकातून पाहताना मात्र त्याला पिवळ्या रंगात एक तेजस्वी रेघ दिसली. ती नेहमी एकाच जागी असे. सूर्याच्या प्रकाशातही अशीच रेघ असेल काय, असा प्रश्न त्याच्या मनात आला.

१८१४ साली त्याने हा प्रयोग केला. अंधाऱ्या खोलीच्या खिडकीला एक अरुंद फट ठेवून तीतून सूर्यप्रकाश आत घेतला. फटीपासून २४ फूट अंतरावर जमीनमोजणीच्या थिओडोलाइट यंत्रावर आपल्या उत्तम काचेचा लोलक बसविला आणि यंत्राच्या दुर्बिणीतून पाहिले. जे दिसले ते त्याच्या अपेक्षेच्या उलट होते. वर्णपटात तेजस्वी रेघ नव्हती. उलट सगळ्या पट्ट्यावर असंख्य काळ्या उभ्या रेषा ओढल्यासारख्या दिसत होत्या! इंग्लंडातील वोलास्टन या शास्त्रज्ञाने १८०२ साली अशा काही थोड्या रेषा पाहिल्या होत्या. पण त्यांचे महत्त्व त्याच्या ध्यानात आले नव्हते. फ्राउनहोफरने फटीची रुंदी बदलून पाहिली, लोलक बदलून पाहिला. तरी त्या रेषा आपापल्या रंगातच ठाम राहिल्या. अर्थात त्या काचेतल्या नव्हत्या, प्रकाशातल्याच होत्या.

त्याने अशा पाचशेहून अधिक रेषा मोजल्या, त्यांचा नकाशा काढला आणि ठळक रेषांना ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. दिव्याच्या ज्योतीतील पिवळी रेघ जेथे दिसे, नेमक्या त्याच जागी सूर्याच्या वर्णपटात डी ही काळी रेषा होती. चंद्राच्या आणि शुक्राच्या प्रकाशात सूर्यासारख्याच रेषा दिसल्या. व्याधाच्या ताऱ्यात मात्र निराळ्या दिसल्या. या रेषा का पडतात, ते त्याला उलगडले नाही. तथापि त्याला हवी होती ती खूण मिळाली होती. आता कोणतीही काच प्रत्येक रंगाला किती वाकविते, हे या रेषांच्या आधाराने पूर्वी कधी नव्हते इतके अचूक मोजता येऊ लागले. सूर्याने जणू काच मोजण्याची पट्टीच त्याच्या हाती दिली.

हे संशोधन त्याने बव्हेरियाच्या विज्ञानपरिषदेपुढे मांडले व ते १८१७ साली प्रसिद्ध झाले. विद्वानांत त्याचे नाव झाले. परंतु त्याला परिषदेत मानाची जागा देण्याचा प्रश्न निघताच काहींनी हरकत घेतली. ज्याने विद्यापीठाची पायरी चढलेली नाही, जो मुळात काच घासणारा कारागीर, त्याला विद्वानांच्या पंक्तीला कसे बसवावे, असे त्यांना वाटे. फ्राउनहोफरने वाद घातला नाही. तो आपले काम करीत राहिला. तारांची आणि पुढे काचेवर हिऱ्याने ओढलेल्या बारीक रेघांची जाळी तयार करून त्याने प्रकाशलहरींची लांबीही मोजली. शेवटी कामानेच हरकतींना उत्तर दिले. १८२३ साली परिषदेच्या पदार्थविज्ञानाच्या संग्रहाची व्यवस्था त्याच्याकडे आली आणि त्याला प्राध्यापकाचा मान मिळाला. दुसऱ्याच वर्षी राजाने त्याला सरदारकी दिली. ढिगाऱ्याजवळ उभे राहून ज्याने त्याला बाहेर निघताना पाहिले होते, तोच मॅक्सिमिलियन जोसेफ आता बव्हेरियाचा राजा होता.

युरोपातील शास्त्रज्ञ त्याच्या कारखान्याला भेट देऊ लागले. त्यांना तो काळ्या रेषा मोकळेपणाने दाखवी, भिंगे पारखण्याच्या पद्धती समजावून सांगे. काच वितळविण्याच्या भट्टीजवळ मात्र कोणाला येऊ दिले जात नसे. कारण ते संस्थेचे गुपित होते आणि संस्थेची सारी कमाई त्यावर अवलंबून होती. जे ज्ञान म्हणून मिळविले ते त्याने जगाला दिले. जे धंद्याचे मर्म होते ते भिंतीआड राहिले. या गुपितामुळे इतर देशांची मोठी पंचाईत झाली. इंग्लंडात मायकेल फॅराडेसारख्या थोर शास्त्रज्ञाला कित्येक वर्षे उत्तम काच करण्याच्या खटपटीत घालवावी लागली.

फ्राउनहोफरच्या काचेचा सर्वांत मोठा विजय १८२४ साली झाला. त्या वेळी रशियाच्या ताब्यात असलेल्या डोरपाट गावच्या वेधशाळेसाठी त्याने एक प्रचंड दुर्बीण तयार केली. हे गाव आज एस्टोनिया देशात असून त्याला तार्तू म्हणतात. या दुर्बिणीचे मुख्य भिंग सुमारे २४ सेंटिमीटर रुंद होते आणि तिची नळी चार मीटरांहून लांब होती. या जातीची एवढी मोठी दुर्बीण तोपर्यंत जगात कोणी केली नव्हती. पृथ्वी फिरत असल्यामुळे तारे दुर्बिणीच्या दृष्टीतून निसटतात. म्हणून तिला घड्याळाचे यंत्र जोडले होते. त्याच्या योगाने दुर्बीण ताऱ्याच्या मागोमाग आपोआप वळे. या दुर्बिणीतून स्ट्रूव्ह या ज्योतिर्विदाने आकाशाची पाहणी करून तीन हजारांहून अधिक जोडताऱ्यांची यादी तयार केली.

परंतु या यशाची फार मोठी किंमत फ्राउनहोफरला द्यावी लागली. त्याची प्रकृती लहानपणापासूनच नाजूक होती. भट्टीची उष्णता, काचेची धूळ आणि शिशाची विषारी वाफ यांच्या सान्निध्यात त्याची उमेदीची वर्षे गेली होती. १८२५ साली त्याने अंथरूण धरले. क्षयाने शरीर पोखरले होते. ७ जून १८२६ रोजी, वयाच्या अवघ्या ३९ व्या वर्षी, म्यूनिक येथे त्याचा अंत झाला. त्याचा सहकारी रायखेनबाख थोड्याच दिवसांपूर्वी वारला होता. दोघांनाही एकमेकांशेजारी मूठमाती देण्यात आली. फ्राउनहोफरने ताऱ्यांना माणसाच्या जवळ आणले, अशा आशयाचे लॅटिन शब्द त्याच्या समाधीवर कोरले गेले.

तो गेला, परंतु त्याचे काम थांबले नाही. त्याने योजिलेले एक उपकरण त्याच्या मृत्यूनंतर क्योनिग्सबेर्गच्या वेधशाळेत पोचले. त्याच्या साहाय्याने १८३८ साली बेसेल या ज्योतिर्विदाने एका ताऱ्याचे अंतर विश्वसनीय रीतीने मोजले. त्याच्याच कारखान्यात तयार झालेल्या बर्लिनच्या दुर्बिणीतून १८४६ साली गॅले याला नेपच्यून हा नवा ग्रह सापडला. काळ्या रेषांचे कोडे १८५९ साली किर्खहोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी उलगडले. सूर्याच्या वातावरणातील निरनिराळी मूलद्रव्ये आपापल्या विशिष्ट रंगाचा प्रकाश शोषून घेतात, म्हणून त्या रेषा पडतात. डी ही रेषा तर आपल्या जेवणातील मिठात असलेल्या सोडियमची होती! सूर्य आणि तारे कशाचे बनले आहेत, हे पृथ्वीवर बसून वाचण्याची लिपी अशा रीतीने माणसाला लाभली.

भट्टीचे गुपितही कायमचे गुपित राहिले नाही. गिनाँच्या मुलाकडून ढवळण्याची विद्या फ्रान्समध्ये गेली, आणि १८४८ साली बोंताँ नावाच्या काचकाराबरोबर ती इंग्लंडात पोचली. पुढे १८८४ साली जर्मनीतील येना गावी ओटो शॉट, एर्न्स्ट आबे आणि झाइस पितापुत्र यांनी काचेचा कारखाना काढला. बोरॉन, बेरियम यांसारखी द्रव्ये घालून शॉटने काचेचे नवे प्रकार तयार केले आणि प्रत्येकाचे माप फ्राउनहोफरच्या पद्धतीने घेतले. या नव्या काचांमुळेच १८९० साली चित्राच्या मध्यापासून कडेपर्यंत रेखीव प्रतिमा उमटविणारे कॅमेऱ्याचे भिंग तयार करता आले. फ्राउनहोफर निवर्तला तेव्हा छायाचित्रणाची कला बाल्यावस्थेतही आलेली नव्हती. पण तिला लागणाऱ्या काचेचा पाया त्याने घालून ठेवला होता.

आज मातीच्या मुशीऐवजी प्लॅटिनमच्या भांड्यात काच वितळते, माणसाऐवजी यंत्र ती ढवळते आणि शिशाची जागा बहुतेक ठिकाणी दुसऱ्या द्रव्यांनी घेतली आहे. तरीही कामाचा क्रम तोच आहे: द्रव्ये शुद्ध करावी, ती एकजीव होईपर्यंत ढवळावी, सावकाश थंड करावी आणि प्रत्येक वितळणीचे माप घ्यावे. भिंगांच्या काचेच्या याद्यांत सी आणि एफ ही त्याने रेषांना दिलेली अक्षरे आजही छापली जातात. कॅमेऱ्यातून निघालेल्या प्रत्येक स्वच्छ चित्रामागे, ढिगाऱ्यातून वाचलेल्या आणि मिळालेल्या सोन्यातून काच घासण्याचे यंत्र घेणाऱ्या त्या पोरक्या मुलाची चिकाटी उभी आहे.